वॉशिंग मशीनशेजारची जागा

गेली बारा वर्षं मी जर्मन फुटबॉल नेमाने पाहतो आहे, पण अर्धंच. मैदानाची डावी बाजू मला तोंडपाठ आहे. आमच्या मैदानाच्या त्या टोकाला कुठल्या कोपऱ्यातलं गवत नोव्हेंबरात आधी मरतं, हेसुद्धा मी सांगेन. उजवीकडे काय चालतं ते मला ठाऊक नाही. तिकडे गोल झाला की मी तो साहेबांच्या मानेवरून ओळखतो. मान सोफ्याच्या वर उसळली तर आपला, खाली बुडाली तर त्यांचा.

याचं कारण असं, की मी सामना पाहतो तो साहेबांच्या बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनशेजारी उभा राहून. तिथून टीव्हीकडे पाहिलं की मध्ये लोखंडी खांब येतो. आता एक बरा शिकलेला, चष्मा लागलेला, उरलेले केस जपून वापरणारा माणूस वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या वॉशिंग मशीनशेजारी का उभा राहतो? कोणी बांधून घातलेलं नाही. मीच जाऊन उभा राहिलो, आणि मग निघता येईना.

सुरुवात इंटरव्ह्यूपासून झाली. मिशिगनमध्ये आमच्या नोव्हाय गावाच्या आसपास गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपन्यांना तोटा नाही, त्यातलीच ही एक जर्मन कंपनी. समोर साहेब. उंच, किरकोळ, बोलण्यात एकही शब्द वाया न घालवणारे. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर काचेच्या चौकटीत एक पट्ट्यापट्ट्यांचा लोकरी मफलर. आदल्या दिवशी मी साहेबांबद्दल इंटरनेटवर सापडेल ते वाचून ठेवलं होतं, त्यात त्यांच्या गावच्या फुटबॉल क्लबचा उल्लेख होता. साहेबांनी ब्रेकबद्दल एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, की मला परतीचं विमान दिसायला लागलं. तेव्हा मी मफलरकडे बोट केलं आणि म्हणालो, "हा तर माझा क्लब."

पुढचं मी बोललो नाही, माझ्या तोंडून ते होत गेलं. मला एक काका होता. तो जर्मनीत शिकायला गेला होता. त्याने मी सहा वर्षांचा असताना मला असाच मफलर पाठवला होता. नागपूरच्या उन्हाळ्यात मी तो गळ्यात घालून अंगणात हिंडायचो, आणि आई ओरडायची. या सगळ्यात खरं एवढंच होतं, की नागपूरला उन्हाळा असतो. साहेबांनी पेन खाली ठेवलं. आवडता खेळाडू कोण, असं विचारलं. मला वाचलेलं एकच नाव आठवत होतं, सव्वीस वर्षांच्या एका नव्या स्ट्रायकरचं. मी ते घेतलं. नोकरी मिळाली.

घरी येऊन बायकोला सगळा प्रसंग करून दाखवला. ती नाट्यवेडी, मीही. आमचं लग्नच मुळी एकांकिका स्पर्धेच्या तालमींत जमलेलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान. पण या नाटकाचे प्रयोग किती, ते विचारलंस का?"

पहिला प्रयोग त्याच शनिवारी होता. जर्मनीतल्या दुपारचे सामने आमच्याकडे सकाळी साडेनऊला लागतात. साहेबांच्या बेसमेंटमध्ये तेव्हा आठ-नऊ जण जमायचे, सगळे जर्मनीतल्या त्यांच्याच भागातले. नाश्त्याला पाव, सॉसेज आणि बिअर. मी कॉफी घ्यायचो आणि जिथे सगळे कण्हतील तिथे कण्हायचो. साहेबांनी माझी ओळख करून देताना काकाची गोष्ट सांगितली. मग फोनवर त्यांच्या म्हाताऱ्या आईलाही सांगितली. काका आता माझ्या हातात राहिला नव्हता.

तुम्ही म्हणाल, दोन-चार शनिवार जाऊन मग सटकायचं. पण माझा व्हिसा कंपनीच्या नावावर, ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीचा, आणि कागदावर सही साहेबांची. ती रांग इतकी लांब, की रांगेत लागताना ज्यांची मुलं पाळण्यात असतात त्यांची कॉलेजात जातात. शनिवारी आला नाहीस तर कागद अडवतो, असं साहेब कधी म्हणाले नाहीत, आणि म्हणण्यातले नव्हतेच. पण भीतीला पुरावा लागत नाही. मी प्रत्येक शनिवारी जात राहिलो.

आणि मग दुसऱ्या वर्षी मी स्वतःच्या हाताने दाराला कडी घातली. एका सामन्यात मध्यंतराला सगळे गप्प बसले होते. आम्ही दोन गोलांनी मागे. अशा शांततेत माझ्यासारख्याला राहवत नाही. मी त्यांना आमच्या घरची गोष्ट सांगितली, आणि ही मात्र शंभर टक्के खरी. क्रिकेटचा सामना रंगात आला की आमच्या घरी जो जिथे असेल तिथेच राहायचा. एकदा धाकटे मामा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर एक पाय आत, एक पाय बाहेर अशा अवस्थेत असताना आपल्या फलंदाजाने षटकार मारला. वडिलांनी हुकूम सोडला, हलायचं नाही. मामा शेवटच्या षटकापर्यंत अंगाला साबण लावून उंबऱ्यावर उभे होते, आणि आपण जिंकलो. मी मामांचा अभिनय केला. जर्मन माणसं इतकी हसलेली मी पुन्हा पाहिली नाहीत.

दुसरं सत्र सुरू झालं आणि माझा फोन वाजला. बायको. मी बोलायला म्हणून मागे लॉन्ड्रीच्या कोपऱ्यात गेलो. तेवढ्यात आमचा गोल. मी परत यायला पाऊल उचललं, तर साहेबांनी मागे न बघता हात वर केला. "तिथेच थांब." मी हसलो. कोणीच हसलं नाही. मी थांबलो, आणि आम्ही तीन-दोनने जिंकलो.

तेव्हापासून ती माझी जागा.

एखाद्याला वाटेल हा थट्टेचा भाग असेल. जर्मन इंजिनियर थट्टा करत नाही, तो निरीक्षण करतो. मी सुट्टीत भारतात गेलो तेव्हा क्लब दोनदा हरला. परत आल्यावर साहेबांनी हे मला ऑफिसात, दार लावून सांगितलं. तिथे खुर्ची आणून ठेवावी असं मी एकदा सुचवलं. त्यावर साहेब बराच वेळ विचार करून म्हणाले, की गोल झाला तेव्हा मी उभा होतो.

उभ्या उभ्या करायचं काय? शेजारी ड्रायर, ड्रायरवर धुतलेल्या कपड्यांची टोपली. मी टॉवेलच्या घड्या घालायला लागलो. साहेबांच्या बायकोला फुटबॉलचा तिटकारा, त्या शनिवारी सकाळी बागेत नाहीतर बाजारात. त्यांना घड्या घातलेले टॉवेल मिळायचे आणि नवरा सुधारला असं वाटायचं. साहेबांना वाटायचं बायकोने घातल्या. मी इतकी वर्षं त्या घराच्या टॉवेलांसकट त्या घराचं एक गुपित सांभाळून होतो. अगदी अलीकडे एक नवीन, मोरपंखी रंगाचा जाड टॉवेल आला तेव्हा मला पाहुणा आल्यासारखं झालं.

इकडे क्लब म्हातारा होत होता. खरं तर क्लब नाही, तो स्ट्रायकर, ज्याचं नाव मी इंटरव्ह्यूत घेतलं होतं. चांगले खेळाडू मोठ्या क्लबांनी उचलून नेले, याला कोणी नेलं नाही, म्हणून हा कॅप्टन झाला. एकतिसाव्या वर्षी त्याचा वेग गेला, तेव्हा त्याला मधल्या फळीत आणलं. चौतिसाव्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो बचावात, शेवटच्या फळीत आला. गोल करणारा माणूस गोल अडवायला उभा राहिला. त्याच मोसमात आम्ही तळाला राहून पहिल्या लीगमधून दुसरीत घसरलो. घसरण म्हणजे काय ते मला गजराने कळलं, कारण दुसऱ्या लीगचे शनिवारचे सामने आमच्या सकाळी सातला लागतात, आणि कधी कुठला वार मिळेल ते आधी कळत नाही. खाली गेलो त्या दिवशी शिट्टी झाल्यावर कॅप्टन मैदानाच्या डाव्या बाजूला, म्हणजे माझ्या बाजूला, येऊन बसला आणि त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या. नुसत्या सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. मी टॉवेलात तोंड घालून रडलो. कोणाला दिसलं नसेल असं मला वाटलं होतं.

आता माझं सांगतो, कारण मीही काही जागेवर नव्हतो. आमच्या मराठी मंडळाची नाटकं बायको बसवते. तालमी शनिवार-रविवार सकाळी. पहिल्या वर्षी तिने मला प्रियकराची भूमिका देऊ केली. मी नाही म्हणालो, शनिवार होता. मग थोरल्या भावाची. नाही. मग मुलीच्या लग्नाला विरोध करणाऱ्या बापाची, आणि या भूमिकेसाठी तर मी जन्मलो होतो. नाही. दर वर्षी मी प्रेक्षकांत बसून दुसऱ्याच कोणाला ती वाक्यं वाया घालवताना पाहायचो. बायको एकदाच म्हणाली, "तुझी वयं संपत चालली आहेत. यानंतर आजोबा, आणि आजोबांनंतर फक्त हार घातलेला फोटो."

दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड आलं. मी लिफाफा हातात घेऊन स्वयंपाकघरात नाचलो आणि जाहीर केलं, की आता शनिवार माझे. त्या शनिवारी शेवटचं जायचं, आभार मानायचे, काकाला कायमची मूठमाती द्यायची आणि निघायचं. मी बेसमेंटमध्ये उतरलो. बाकीचे एकेक करून कधीच गळाले होते. कोणी निवृत्त होऊन परत गेला, कोणाला दुसऱ्या लीगमध्ये रस उरला नाही. साहेब एकटेच होते. टेबलावर पावाच्या चार चकत्या कापून ठेवलेल्या, दोन त्यांना, दोन मला. मी लिफाफ्याबद्दल सांगितलं. ते उठले, माझ्याशी हस्तांदोलन केलं, परत बसले. मग म्हणाले, "सुरू होतंय."

मी मशीनशेजारी जाऊन उभा राहिलो. कुलूप तेच, फक्त किल्ली आता माझ्याच खिशात होती, आणि त्याने जास्तच गुदमरायला होत होतं.

यंदा मात्र पेच आला. आमच्या मंडळातले एक डॉक्टर काका, हाडांचे डॉक्टर, आता निवृत्त, गेली कित्येक वर्षं प्रत्येक नाटकातले आजोबा करायचे. यंदा त्यांनी सांगितलं, की मला खुर्चीत मरता येईल पण मेल्यावर उठता येणार नाही. कंबर साथ देत नव्हती. भूमिका मोकळी झाली. बायकोने माझ्यापुढे वही टाकली. आजोबा पहिल्या प्रवेशात चार पानं बोलतात, तीही काय पानं, आणि मग आरामखुर्चीत गप्पकन मरतात. घरच्यांना वाटतं झोपले. ते आजोबांसमोर पंधरा मिनिटं एकमेकांना मनातलं सगळं सांगून टाकतात. मग नातसून चहा घेऊन येते आणि कळतं. मी वही रात्रीत पाठ केली. तालमींना जमेल तसा गेलो, न जमेल तेव्हा गाडी बंद पडली, दाढ दुखली. बायकोने ऐकून घेतलं. प्रयोग मे महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी अकराला, जेवणाच्या आधी. जेवलेला मराठी प्रेक्षक नाटक पाहत नाही, पचवतो, असं तिचं मत आहे.

मग साहेबांचं कॅलेंडरवर आमंत्रण आलं. तोच रविवार, साडेनऊ. मोसमाचा शेवटचा सामना. बरोबरी केली तरी दुसऱ्या लीगमध्ये टिकणार, हरलो तर तिसरीत. आणि अडतिसाव्या वर्षी कॅप्टनचा निवृत्तीचा सामना.

बायकोला मी विचारलं, प्रयोग दुपारी ढकलता येईल का. तिने वही मिटली. "तू नाही आलास तर डॉक्टर काका करतील. त्यांना खुर्चीसकट उचलून नेऊ. पण मग मी तुला परत विचारणार नाही. फोटोसाठीसुद्धा नाही." ती रागावली नव्हती. रागावली असती तर मी काहीतरी करून तिला हसवलं असतं.

शुक्रवारी मी साहेबांच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि सगळं सांगून टाकलं. पहिल्यांदाच अभिनयाशिवाय. इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवसापर्यंत मी या क्लबचं नावही ऐकलं नव्हतं. मफलर नव्हता. ते भिंतीवरच्या चौकटीकडे पाहत होते.

"म्हणजे काका नव्हताच?"

"नव्हता."

"माझ्या आईला तो फार आवडायचा," साहेब म्हणाले. "शेवटी शेवटी ती माझ्याआधी त्याची चौकशी करायची."

मी उभा राहिलो. उभं राहायची मला सवय आहे.

मग त्यांनी विचारलं, "आपण खाली गेलो त्या दिवशी तू टॉवेलात रडत होतास. ते?"

"ते खरं होतं."

त्यांनी मान हलवली. कशाला, ते कळलं नाही. मग नाटकात मी कोण, ते विचारलं. मी म्हणालो, आजोबा. "म्हणजे शेवटची फळी," ते म्हणाले, आणि कॉम्प्युटरकडे वळले. मी माझ्या टेबलापाशी पोचायच्या आत फोनवर सूचना आली, की रविवारचं आमंत्रण रद्द झालं आहे. बारा वर्षं मी या एका सूचनेची वाट पाहत होतो. ती आल्यावर मला गाडीत जाऊन बसावंसं वाटलं.

रविवारी शाळेच्या सभागृहात दहा वाजता मी दाढी चिकटवून तयार होतो. फोन विंगेत ठेवायचा हा बायकोचा नियम. मी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला. साहेबांना निरोप पाठवला होता, निकाल कळवा एवढाच. उत्तर नव्हतं. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य, हे मी मेकअपच्या आरशासमोर पाहून घेतलं होतं. त्यानंतर पडदा उघडला.

चार पानं मी अशी बोललो, की माझं मलाच नवल वाटलं. टाळी आली. डॉक्टर काका पहिल्या रांगेत ओठ हलवत माझी वाक्यं बरोबरीने म्हणत होते. मग मी मान टाकली आणि मेलो. फार सुरेख मेलो. घरचे आत आले, भांडणं सुरू झाली, थोरल्याने धाकट्याला सुनावलं.

तेवढ्यात छातीवर फोन थरथरला.

सामना संपला होता. अडतीस वर्षांच्या त्या माणसाचं सगळं संपलं होतं, आणि कसं संपलं ते माझ्या बरगड्यांवर होतं, एका गुंडीच्या आड. मला पापणीही हलवता येत नव्हती. वॉशिंग मशीनशेजारी निदान अर्धं तरी दिसायचं. खांबाशी मान तिरकी तरी करता यायची. इथे भर उजेडात, दोनशे माणसांसमोर, मी स्वतः मागून घेतलेल्या जागेवर, पूर्ण अंधारात पडलो होतो. मी साहेबांची मान डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. ती वर गेलीय की खाली, दिसेना. बारा वर्षं ज्या खोलीतून सुटायचं होतं तिथे मी मनाने धावत निघालो होतो आणि खुर्ची सोडत नव्हती. नातसुनेने चहा आणायला इतका वेळ कधीच लावला नव्हता.

पडदा पडल्यावर मी मेलेला असतानाच फोन काढला. साहेबांचा निरोप होता, सोबत एक फोटो. शून्य-एक. तिसऱ्या लीगमध्ये. शेवटच्या मिनिटाला, उजव्या बाजूला. फोटो मशीनच्या कोपऱ्यातून काढलेला. अर्ध्या चित्रात लोखंडी खांब. ड्रायरवर टॉवेलांचा ढीग, त्यांना कोणीतरी घड्या घालायचा प्रयत्न केलेला. मोरपंखी टॉवेलाचा तर बोळा झाला होता.

खाली लिहिलं होतं, "तुझ्या जागी मी उभा राहिलो. इथून अर्धंच दिसतं, तू कधी बोलला नाहीस. जागेचा काही उपयोग नाही हे आज सिद्ध झालं. पुढच्या मोसमात सोफ्यावर बस. टॉवेल तूच?"

मी "हो" असं लिहिलं आणि किती वाजता ते विचारलं. तिसऱ्या लीगचे शनिवारचे सामने आमच्या सकाळी आठला लागतात. बायको दाढी सोडवायला आली तेव्हा तिने माझ्या खांद्यावरून फोटो पाहिला, फोन ठेवायचा नियम मोडल्याचं पाहिलं, आणि दाढी गरजेपेक्षा जोरात ओढली. मग म्हणाली, की पुढच्या वर्षी तालमी दहाला ठेवता येतील, फोटो असलास तरी हजर राहावं लागेल.

जेवणाच्या रांगेत डॉक्टर काकांनी मला गाठलं. "भूमिका चांगली केलीस. पण मेलेल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी येत नाही. मी बरेच पाहिलेत."

मी म्हणालो, चूक झाली काका.

एक गोष्ट तेवढी राहिली. मामांच्या त्या उंबऱ्यावरच्या प्रसंगात पुढे असं झालं होतं, की साबण डोळ्यांत जायला लागल्यावर मामांनी आपल्या मोठ्या भावाला बोलावलं आणि म्हणाले, जरा माझ्या जागी उभा राहतोस का. वडील आतून म्हणाले, चालणार नाही. नुसत्या जागेचा उपयोग नाही, माणूसही तोच हवा. साहेबांना ती गोष्ट सांगताना मी हा भाग गाळला होता, हसण्याची लय बिघडली असती म्हणून.

आता तर मी तो मुळीच सांगणार नाही. सोफा मऊ आहे, आणि तिथून दोन्ही गोल दिसतात.